परसात काळा अक्रोड असेल, तर टोमॅटो-मिरची-वांगी कुठे लावायची?

आम्ही मध्य ओहायोत घर घेतलं ते नोव्हेंबरात. परसाच्या कोपऱ्यात एक उंच, पान न उरलेलं झाड होतं आणि त्याखाली गवतात काळी पडलेली, सुरकुतलेली फळं. जुनं, मोठं झाड आयतं मिळालं म्हणून आम्ही खुशीत होतो. पुढच्या मे महिन्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि आम्ही दोघींनी त्याच बाजूला कुंपणालगत वाफे केले. १२ टोमॅटो, ८ मिरच्या, ६ वांगी. जून संपेपर्यंत टोमॅटो कमरेला लागले, फुलं धरली. मग एका आठवड्यात रोपांनी एकामागून एक माना टाकल्या. दुपारी पानं लुळी पडायची, संध्याकाळी थोडी सावरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि चार-पाच दिवसांत रोप संपायचं. मी पाणी वाढवलं. सासूबाईंनी मातीत बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, माती ओली आहे. ही तहान नाही. याला काहीतरी बाधलंय."

बाधलं होतं ते कोपऱ्यातल्या झाडानं. तो ब्लॅक वॉलनट होता, म्हणजे काळा अक्रोड. आपण काश्मीरचा म्हणून खातो त्या अक्रोडाचा हा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात तो रानात उगवतो, ओढ्याकाठी उगवतो आणि खारींनी पुरलेल्या फळांतून लोकांच्या परसांतही उगवतो. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, मिसुरी इथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना तो कधी ना कधी भेटतोच.

दुर्दैवानं त्याचं सगळ्यात जास्त वाकडं आहे ते टोमॅटो, मिरची, वांगी आणि बटाटा या एकाच कुळाशी, आणि आपलं स्वयंपाकघर याच चौघांवर चालतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझा एक अख्खा हंगाम गेला आणि पुढे एक चुकीचा वाफा बांधण्यात पैसेही गेले. ते तुमचं टळावं.

आधी हे जमवून ठेवा

- घराच्या खरेदीच्या कागदांतला प्लॉटचा नकाशा. तो नसेल तर काउंटीच्या संकेतस्थळावर हद्दीच्या रेषांसह दिसणारा हवाई फोटो.
- सोसायटी, म्हणजे एचओए असेल तर तिची नियमावली. वाफ्यांची उंची, पुढच्या अंगणात भाजी लावायला परवानगी, झाड तोडण्याची परवानगी, एवढी कलमं वाचा.
- १०० फुटी टेप आणि तारेच्या छोट्या झेंड्या.
- फावडं, हातकात्री, रबरी हातमोजे, बादली.
- टोमॅटोची एकाच वाणाची सहा रोपं. ती खाण्यासाठी नाहीत, चाचणीसाठी आहेत.
- एक वही. कोणतं रोप कधी मान टाकतं, ते दोन महिन्यांनी आठवत नाही.

१. झाड नक्की तेच आहे ना, हे पाहा

उन्हाळ्यात ओळखणं सोपं. पान संयुक्त असतं, कडुनिंबासारखं एका लांब देठाला दोन्ही बाजूंनी पर्णिका. एका पानात साधारण १५ ते २३ पर्णिका असतात आणि टोकाची पर्णिका बऱ्याचदा नसते किंवा अगदी लहान असते. पान चुरगळलं की तिखट, मसालेदार वास येतो. फळ हिरवं, टेनिसच्या चेंडूएवढं गोल. खोडाची साल गडद, खोल भेगांची, भेगांची नक्षी चौकटच्या पत्त्यासारखी.

हिवाळ्यात घर पाहायला गेला असाल तर एक बारीक फांदी उभी चिरा. आतला गाभा फिकट तपकिरी असतो आणि शिडीसारखे आडवे कप्पे दिसतात. ही खूण मला त्या नोव्हेंबरात कुणी सांगितली असती, तर बरं झालं असतं.

फसवणारी झाडं दोन-तीन आहेत. 'ट्री ऑफ हेवन'चं पान लांबून अगदी सारखं दिसतं, पण चुरगळलं तर खवट शेंगदाण्याच्या लोण्यासारखा वास येतो आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक-दोन दात असतात. सुमॅकला लाल तुरे येतात. हिकरीच्या पर्णिका कमी, बहुधा पाच ते नऊ, आणि तिचं टरफल वाळलं की चार फाकांत उकलतं. काळ्या अक्रोडाचं टरफल असं उकलत नाही, ते काळं पडून सडतं.

बटरनट नावाचा जवळचा भाईबंदही आहे. त्याची फळं लांबट आणि चिकट असतात. तो भेटला तर पुढचं सगळं त्यालाही लागू समजा.

स्वतःच्या हद्दीपुरतं पाहून थांबू नका. कुंपणापलीकडे, शेजाऱ्याच्या परसात, मागच्या ओढ्याकाठी पाहा. मुळांना हद्द ठाऊक नसते.

२. बाधतं कसं, ते समजून घ्या

या झाडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. जिवंत झाडात ते बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतं, त्याला हायड्रोजुग्लोन म्हणतात. हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं आणि ते संवेदनशील रोपांच्या पेशींचं श्वसन बिघडवतं. झाडाच्या सगळ्या भागांत ते असतं, पण मुळं, कळ्या आणि फळाचं हिरवं टरफल यांत सर्वाधिक. पानांत आणि डहाळ्यांत त्यामानानं कमी.

कामाचा मुद्दा हा, की जुग्लोन पाण्यात फारसं विरघळत नाही. पावसाबरोबर वाहत जाऊन ते लांबच्या वाफ्यात पोचत नाही. जिथे अक्रोडाची मुळं जातात तिथेच ते जातं. १९२५ साली संशोधक ए. बी. मॅसी यांनी हेच टिपलं होतं, की टोमॅटो आणि लसूणघास मरतात ते त्यांची मुळं अक्रोडाच्या मुळांना टेकतात तिथे. १९२८ मध्ये डेव्हिस यांनी जुग्लोन टोमॅटोच्या आणि लसूणघासाच्या रोपांत सोडून त्याचा विषारीपणा दाखवला. आपल्याकडे चिंचेखाली काही धड उगवत नाही असं जुनी माणसं सांगतात, तसंच अक्रोडाच्या सावलीबद्दल रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या लिंडा चॉकर-स्कॉट यांनी हे सगळं संशोधन तपासलं आणि २०१९ मध्ये असं मांडलं, की बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतला आहे. प्रत्यक्ष बागेच्या मातीतला पुरावा तोकडा आहे आणि 'हे चालतं, हे चालत नाही' अशा याद्या बऱ्याचशा ऐकीव अनुभवावर उभ्या आहेत. मोठं झाड पाणी ओढतं, ऊन अडवतं, त्याचाही वाटा असतो. मला हे म्हणणं पटतं. म्हणूनच कुठलीही यादी छापून फ्रिजवर लावण्यापेक्षा आपल्या जमिनीत आपली चाचणी घ्या. ती चौथ्या पायरीत आहे.

३. वर्तुळ आखा

खोडाला टेपचं एक टोक लावा आणि ५० फुटांवर झेंड्या लावत गोल फिरा. मग ६० फुटांवर, आणि जागा असेल तर ८० फुटांवर. मोठ्या झाडाच्या मुळांचा पसारा साधारण ५० ते ६० फुटांपर्यंत धरतात. जुन्या, भल्या थोरल्या झाडाचा ८० फुटांपर्यंतही जातो.

आता हिशेब करा. पाव एकराचा प्लॉट म्हणजे १०,८९० चौरस फूट. ५० फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७,८५० चौरस फूट. ६० फुटांच्या वर्तुळाचं ११,३०० च्या आसपास, म्हणजे तुमच्या सगळ्या प्लॉटहून जास्त, आणि त्यात घर, ड्राइव्हवे सगळं आलं. झाड परसाच्या मधोमध असेल तर जमिनीत टोमॅटो लावायला जागाच उरत नाही. हे मार्चमध्ये कळलेलं बरं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे फांद्यांचा घेर पाहून मुळांचा अंदाज करणं. फांद्या जिथे संपतात तिथे मुळं संपत नाहीत, ती त्याच्या कितीतरी पुढे जातात. आमची रोपं फांद्यांच्या बाहेर, भर उन्हात होती. मरायची ती मेलीच.

वर्तुळाच्या कडेला दोन-तीन ठिकाणी फूटभर खणून मुळं दिसतात का पाहा. पण फावडं मारण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करा. गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा कुठून गेल्यात त्याच्या खुणा ते येऊन करून देतात, फुकट. काही कामाचे दिवस आधी कळवावं लागतं.

४. टोमॅटोलाच विचारा

ही पायरी मी कुणालाही गाळू देणार नाही. नेहमीच्या मातीतपासणीत सामू, स्फुरद, पालाश हे कळतं, जुग्लोन कळत नाही. ते सांगतो टोमॅटो.

एकाच वाणाची सहा रोपं घ्या. पाच रोपं खोडापासून २०, ३५, ५०, ६५ आणि ८० फुटांवर थेट जमिनीत लावा. सहावं विकतच्या मातीत, मोठ्या कुंडीत, झाडापासून लांब ठेवा. सगळ्यांना पाणी सारखं द्या. ओळ अशी निवडा, की प्रत्येक रोपाला निदान सहा तास ऊन मिळेल. नाहीतर रोप सावलीनं खुरटलं की मुळांनी, ते कळणार नाही.

वाण निवडताना लेबलवरची अक्षरं पाहा. टोमॅटोला बुरशीजन्य मर रोग होतो, आणि त्याची लक्षणं हुबेहूब अशीच असतात: मान टाकणं, पिवळेपणा, खोड चिरलं तर आत तपकिरी रेघ. लेबलवर 'व्ही' आणि 'एफ' ही अक्षरं असली तर तो वाण व्हर्टिसिलियम आणि फ्युझेरियम या दोन्ही मर रोगांना तोंड देणारा आहे. 'रोमा व्हीएफ' किंवा 'सेलिब्रिटी' सहज मिळतात. असं रोप खोडाजवळ मेलं, लांबचं जगलं आणि कुंडीतलं लाल टोमॅटोंनी लगडलं, तर अक्रोडावर बोट ठेवायला हरकत नाही.

घाई करू नका. रोपं लहान असताना काहीच होत नाही, ती झपाट्यानं वाढतात, आणि मुळं अक्रोडाच्या मुळांपर्यंत पोचली की एकदम बसतात. आमच्याकडे जूनअखेर ते जुलैमध्य हा काळ होता. जुलै संपेपर्यंत टिकलेलं रोप जिथे आहे, ती तुमची जागा.

पहिल्याच वर्षी घरच्या टोमॅटोंची हौस असेल तर चाचणी चालू असताना बाकीची रोपं कुंड्यांत लावा. दोन्ही एकाच उन्हाळ्यात होतं.

५. वर्तुळाच्या आत काय लावायचं

जमिनीतल्या जागेचा विचार सोडून देऊ नका. बरंच काही येतं.

कांदा, गाजर, बीट, मका, फरसबीसारखे शेंगांचे वेल, भोपळ्याच्या कुळातले भोपळे आणि खरबुजासारखी फळं यांची नावं सोसणाऱ्यांच्या यादीत सातत्यानं येतात. आमचा दुधी आणि दोडक्याचा मांडव खोडापासून ४० फुटांवर आहे आणि ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांना वाटावं लागेल इतकं येतं. मात्र वेलांना ऊन भरपूर लागतं. अक्रोडाला पालवी उशिरा, मे महिन्यात फुटते आणि पानं लवकर गळतात, सावलीही विरळ असते, तरी भर उन्हाळ्यात ती असतेच. मांडव दक्षिणेकडे घ्या.

न सोसणाऱ्यांत टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, वांगं, बटाटा. कोबीच्या कुळाचंही नाव घेतात. शतावरी, ऱ्हुबार्ब, ब्लूबेरी, ब्लॅकबेरी, सफरचंद हेही नको. फुलझाडांत अझेलिया, ऱ्होडोडेन्ड्रॉन, हायड्रेंजिया, लायलॅक नको. घर घेतल्याच्या आनंदात लोक पहिल्याच महिन्यात हायड्रेंजिया आणून लावतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मग मेथी, शेपू, अंबाडी, गवार, अळू, कोथिंबीर यांचं काय? या याद्या अमेरिकन बागायतदारांनी केल्या. त्यांच्या परसात या भाज्या नव्हत्या, म्हणून यादीत नाहीत. कुळ पाहून अंदाज बांधता येतो, पण मी सरळ वीतभर जागेत मूठभर बी टाकून पाहते. मेथी-कोथिंबीर महिन्या-दीड महिन्यात काढायला येतात, चाचणी स्वस्तात होते. आणि जे नाही आलं त्याला कुंडी आहेच. कढीपत्ता, मोगरा, तुळस यांची चिंता नको, ती इथे थंडीत घरात घ्यावी लागतात म्हणून तशीही कुंडीतच असतात.

बियांवरून एक गोष्ट. गावाकडून येताना सामानात बियांच्या पुड्या टाकून आणू नका. अमेरिकेत बी आणायला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं आणि विमानतळावर ते जाहीर करावं लागतं. आई-वडील, सासू-सासरे येणार असतील तर त्यांना आधीच सांगा, नाहीतर तासन्‌तास प्रवास करून आलेल्या माणसांना तिथे उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. दोडका, कारलं, गवार, मेथी यांचं बी इथे मिळतं.

६. उंच वाफा बांधायचा असेल तर

माझे पैसे गेले ते इथे. पहिल्या फजितीनंतर आम्ही खोडापासून १५ फुटांवर लाकडी चौकट ठोकली, तळाला पुठ्ठा अंथरला, वर फूटभर उत्तम माती भरली. दोन वर्षं टोमॅटो छान आले. तिसऱ्या वर्षी जुलैत परत तेच. उकरून पाहिलं तर अक्रोडाची बारीक मुळं खालून वर चढून वाफाभर पसरली होती. साहजिक आहे. आजूबाजूला ओहायोची चिकणमाती, आणि मध्येच कुणीतरी भुसभुशीत, ओली, खतावलेली माती आणून ठेवली. मुळं तिकडेच येणार.

म्हणून वाफा बांधताना एवढं पाळा:

जागा शक्यतो वर्तुळाबाहेर. आत घ्यावीच लागली तर निदान फांद्यांच्या खाली नको, सप्टेंबर-ऑक्टोबरात वरून फळं पडतात आणि पानं, देठ सतत गळतात.

तळाला पुठ्ठा पुरत नाही, तो एका हंगामात कुजतो. जाड, न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड घ्या, ज्यातून पाणी जातं. चारही बाजूंनी चौकटीच्या आतून वर घेऊन ठोका. प्लॅस्टिकचा कागद घालू नका, पाणी तुंबून मुळं कुजतात. कापडही कायमचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात एका कोपऱ्यात तळापर्यंत उकरून पाहा, मूळ दिसलं तर माती काढून कापड बदला.

खोली १२ इंच किमान, १८ असेल तर टोमॅटो खूश. ८ बाय ४ फुटांच्या वाफ्याला १२ इंच खोलीला ३२ घनफूट माती लागते, म्हणजे दोन घनफुटांच्या १६ पिशव्या. १८ इंचांना २४ पिशव्या. एवढी पिशव्यांतून आणण्यापेक्षा घनयार्डावर मागवलेली स्वस्त पडते, फक्त तिच्यात काय मिसळलंय ते विचारा.

लाकूड सीडरचं घ्या. कुणी जुने रेल्वेचे स्लीपर किंवा जुन्या डेकच्या फळ्या फुकट देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. स्लीपरना क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखं विषारी रसायन, लावलेलं असतं, आणि २००३ संपेपर्यंत घरगुती वापराच्या लाकडाला आर्सेनिक असलेलं रसायन लावत असत.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पायांवर उभा असलेला वाफा, टेबलासारखा. जमिनीशी संबंधच नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी म्हणून आम्ही तो केला, आणि आता मिरच्या तिथेच असतात.

७. कुंड्या

टोमॅटोला आणि वांग्याला पाच गॅलनची कुंडी किमान, मिरचीला तीन गॅलन चालते. कापडी ग्रो बॅगही चांगल्या, पण त्या थेट गवतावर ठेवू नका. कापडातून मुळं खाली उतरतात आणि खालची वर येतात. डेकवर, फरशीवर किंवा विटांवर ठेवा. कुंडीत परसातली माती भरू नका, पॉटिंग मिक्सच भरा. जुलैत रोज पाणी, कधी दोनदा.

इथे मध्य ओहायोत कडाक्याचं दंव मे महिन्याच्या मध्यापर्यंत पडू शकतं. स्थानिक लोक मदर्स डेच्या सुमाराला, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारी, टोमॅटो बाहेर काढतात. तोच धरून चाला.

८. पानं, टरफलं, भुसा आणि खारी

पडलेली पानं आणि टरफलं भाजीच्या वाफ्यात राहू देऊ नका. टरफलं वेगळी गोळा करून कचऱ्यात द्या. पानं कंपोस्टात गेली तरी चालतात, हवा, ओल आणि जिवाणू मिळाले की त्यांतलं जुग्लोन दोन ते चार आठवड्यांत मोडतं. मी खबरदारी म्हणून अक्रोडाच्या पानांचा ढीग वेगळा ठेवते, वर्षभर कुजवते आणि ते खत भोपळ्याला घालते.

लाकडाच्या भुशाचा नियम कडक आहे. झाडं छाटणारे लोक फुकट मल्च, म्हणजे मातीवर पसरायचा लाकडाचा चुरा, टाकून जातात. त्यात अक्रोड आहे का विचारा. असेल किंवा उत्तर गोलमाल आलं तर निदान सहा महिने कुजवल्याशिवाय वापरू नका. कुणाच्या घरी घोडे असतील तर त्यांच्या अंथरुणात हा भुसा जाता कामा नये, थोड्याशा मिश्रणानंही घोड्यांचे खूर सुजतात. कुत्रा पाळला असेल तर बुरशी आलेली जुनी फळं रोज उचला. त्या बुरशीच्या विषानं कुत्र्यांना झटके येतात. पडलेलं फळ चघळताना दिसला तर वाट न पाहता पशुवैद्याकडे जा.

खारी दर शरद ऋतूत फळं पुरतात, त्यांना कुंड्यांची मऊ माती फार आवडते. अर्ध्या इंची जाळी वर बसवा. वसंतात परसभर अक्रोडाची रोपं दिसू लागतात, ती हातभर व्हायच्या आत उपटा. एक वर्ष दुर्लक्ष केलं तर सोटमूळ इतकं खोल जातं की फावडं घ्यावं लागतं.

हिरवी टरफलं हाताळताना हातमोजे हवेतच. त्या रसानं कापड रंगवत असत, बोटं आठवडाभर तपकिरी राहतात आणि ड्राइव्हवेवर डाग पडतात. फळ खाण्याजोगं आहे, चव आपल्या नेहमीच्या अक्रोडापेक्षा उग्र, पण कवच इतकं कठीण की साध्या अडकित्त्याला दाद देत नाही, हातोडी लागते. मिसुरीतल्या स्टॉकटन गावात हॅमन्स नावाची कंपनी १९४६ पासून लोकांकडून रानातले हे अक्रोड विकत घेते.

९. झाड तोडायचं का?

पहिल्या वर्षी माझाही हाच विचार होता. आता माझं मत स्पष्ट आहे: भाजीसाठी तोडू नका. मोठं झाड काढायला अनेकदा हजारो डॉलर लागतात, आणि झाड गेलं तरी मुळं जमिनीतच राहतात. ती कुजेपर्यंत, म्हणजे काही वर्षं, जुग्लोन राहतं. त्या पैशांत पायांचे किती वाफे होतील ते मोजा. शिवाय फिकट हिरवे, तळहाताएवढे लूना पतंग अळी असताना याही झाडाची पानं खाऊन मोठे होतात. जूनच्या एका रात्री आमच्या दिव्याजवळ एक बसला होता, सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि दिवा बंद करायला सांगितला.

झाड वाळलेलं, घरावर झुकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. प्रमाणपत्र असलेल्या आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, दाखवा, दोन-तीन ठिकाणचे दर घ्या, विम्याचे कागद मागा. कुणी दारावर येऊन 'अक्रोडाचं लाकूड महाग असतं, आम्हीच पैसे देऊन नेतो' म्हणालं तर लगेच होकार देऊ नका. लाकडाला भाव असतो हे खरं, पण परसातल्या झाडांत जुने खिळे, तारा निघतात म्हणून लाकूड कापणाऱ्या गिरण्या सहसा ती टाळतात. राज्याच्या वनखात्याकडून मत घ्या. ओंडके दुसऱ्या गावी नेऊ नका. 'थाउजंड कँकर्स' नावाचा रोग एका बारीक भुंग्यामार्फत अक्रोडाच्या लाकडातून पसरतो आणि त्यामुळे काही राज्यांत वाहतुकीवर बंधनं आहेत.

झाड शेजाऱ्याचं असेल तर आधी बोलून घ्या. हद्दीवरच्या फांद्या-मुळांचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, आणि मुळं तोडून झाड मेलं तर भरपाई अंगावर येऊ शकते.

अडलं तर काउंटीच्या एक्स्टेन्शन कार्यालयात जा. १९१४ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही व्यवस्था आहे, राज्यातल्या कृषी विद्यापीठाची शाखाच म्हणा. मेलेलं रोप मुळासकट पिशवीत घालून नेलं तर ते तपासून मर रोग आहे का सांगतात, मातीतपासणी कुठे पाठवायची तेही सांगतात. इंग्रजी तुटकं असलं तरी बिनधास्त जा, फोटो दाखवा.

आणि झाड काढावंच लागलं, तर खोडाची जागा आणि वर्तुळ नकाशावर नोंदवून ठेवा. पहिली वर्षं तिथे मका, घेवडा, भोपळा घ्या. दर मेमध्ये एकच टोमॅटो मधोमध लावा. ज्या वर्षी तो ऑगस्टअखेरपर्यंत उभा राहून फळं देईल, त्याच्या पुढच्या वर्षी मिरच्या आणि वांगी तिथे न्या.